मुकादम जेवला का?

दसरा सरला की आमच्या गावात कानशीचा आवाज सुरू होतो. माणसं दारात बसून कोयत्याला धार लावतात. खर्रर्र, खर्रर्र. एका दारातून निघालेला आवाज दिवस मावळायच्या आत गल्लीभर होतो. कुणाचे त्या आवाजानं दात आंबतात. मला भूक लागते. कावून लागते, ते सांगायलाच लिहायला बसलोय. शाळा माझी तिसरीपर्यंत. अक्षर मोठं आहे आणि ओळ उताराला लागते. पण ओळ माझी आहे, कुणाकडून लिहून घेतलेली नाही.

आमचं गाव तलवाड्याच्या अलीकडं. दिवाळीच्या आगेमागे ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात आणि निम्मं गाव ऊस तोडायला निघून जातं. कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात. भांडी जातात, अंथरुणं जातात, कडेवरची लेकरं जातात. म्हातारी माणसं मागं राहतात, शाळेतली पोरं मागं राहतात. आणि पाखरं मागं राहतात. ती माझ्या आंगणात येतात.

हे कुणी ठरवलेलं नाही. माझी बायको रुक्मिण होती तेव्हा शेजारणीनं जाताना अंड्यावरची कोंबडी तिच्या हवाली केली. पुढच्या साली आणखी दोघींनी केली. मग कुणाची कबुतरं आली, कुणाच्या लेकरानं गेवराईच्या बाजारातून आणलेले रंगीत लव्हबर्ड आले, एकानं तर दोन बदकं आणली. रुक्मिण गेली, पण पाखरं यायची थांबली नाहीत. ट्रक निघायच्या दिवशी माझ्या दारात जी गर्दी होते तशी तलाठ्याच्या दारातही होत नाही. प्रत्येक जण आपल्या कोंबडीचा स्वभाव सांगतो. ही लाजरी हाय, ही चोरटी हाय, हिला काळ्या कोंबडीजवळ सोडू नका, त्यांचं जुनं हाय. मी ऐकून घेतो. माणसांच्या स्वभावाचं कुणी एवढं सांगून सोडलं असतं तर लई सोपं गेलं असतं.

यंदा कानस वाजायला लागली तसा माझ्या पोराचा, सुभाषचा, चाकणहून फोन आला. तो तिथं कंपनीत आहे.

"अप्पा, यंदा कुणाचं पाखरू ठेवून घेऊ नका. डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना? पिसांची धूळ छातीत जाती. मी दिवाळीला गाडी घेऊन येतो. आंगणाला कुलूप लावा आन् माझ्यासंगं चला."

"बघू," मी म्हणालो.

माझ्या 'बघू'चा अर्थ त्याला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून त्यानं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

डॉक्टरचं मी ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये. खोकला आहे, कबूल. झाडायच्या आधी मी पाणी शिंपडतो, तोंडाला ओला रुमाल बांधतो, कबुतरांची खुराडी आंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवली. वाऱ्याची दिशा बघून झाडतो. यापेक्षा जास्त डॉक्टरचं ऐकायचं म्हणजे पाखरं सोडायची. तेवढं मी ऐकणार नाही.

पाखराबद्दल माणसं काहीही बोलतात आणि मला ते खपत नाही. गोल पिंजरा शोभेला चांगला म्हणून घेतात. अरे, गोल पिंजऱ्याला कोपरा नसतो. पाखरू भ्यालं तर त्यानं पाठ कुठं टेकायची? बसायला लोखंडी सळई लावतात. तू रात्रभर सळईवर उभा राहून दाखव. लिंबाची फांदी लाव, कुठं जाड, कुठं बारीक. पायाला आराम मिळतो, चोचीला चावायला काम मिळतं. लाडानं चहात बुडवून पाव देतात, शेव देतात, फरसाण देतात. सूर्यफुलाच्या बिया वाटीभर ओततात. ती त्याची पुरणपोळी झाली, रोज पुरणपोळीवर कुणी धड राहतं का? भिजवलेला हरभरा, शेवग्याचा पाला, मेथी, पेरूची फोड, कणसाचे कोवळे दाणे द्यावेत. सकाळचं ऊन द्यावं, पण अर्ध्या पिंजऱ्याला सावली ठेवावी, कुठं बसायचं ते त्याला ठरवू द्यावं. परातीत पाणी ठेवावं, ते आपलं आपण अंग धुतं. आणि पंख कापायला कुणी माझ्याकडं आलं तर मी त्याची कात्री काढून घेतो. घेतलेली आहे. हवी असेल तर येऊन घेऊन जावी.

एवढं सगळं मला येत होतं. म्हणजे येतं असा माझा ताठा होता. तो मुकादमानं एका हंगामात उतरवला.

बबन आणि शेवंता हे आमच्या गल्लीतलं जोडपं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते, अशा जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. एका साली उसाच्या फडात शेवंताला राघूचं पिल्लू सापडलं, पंख मोडून पडलेलं. तिनं लुगड्याची पट्टी फाडून पंख बांधला. हाड जुळलं, पण वाकडं. त्याला खाटेवरून खाली उतरण्यापुरतं उडता येतं, झाडावर जाता येत नाही. ते पिल्लू फडातच वाढलं, उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे वाळक्या पाल्याच्या खोपटात, सगळ्या टोळीच्या मधे. पहाटे टोळीचा मुकादम ओरडायचा, "उठा बे, गाडी आली!" पिल्लू तेच शिकलं. म्हणून सगळे त्यालाच मुकादम म्हणायला लागले. खरा मुकादम रुसला म्हणे.

"माझं नाव पाखराला देता?"

शेवंता म्हणाली, "नाव कुठं दिलंय? हुद्दा दिलाय."

पण कोपीत चुलीला पाचट जळतं, त्याचा धूर पाखराच्या छातीला सोसत नाही. हंगामाअखेरीला त्याचा श्वास वाजायला लागला. मांजरांचाही उपद्रव होता. म्हणून पुढच्या हंगामाला शेवंता त्याला घेऊन माझ्या दारात आली. ट्रक मागं उभा होता, बबन हाका मारत होता, ती हलत नव्हती.

"अप्पा, तुमच्या जिवावर ठिवते. पाडव्याला मला जिता द्या."

"शेवंता," मी म्हणालो, "आजवर कुणाचं पाखरू मी कमी करून दिलेलं न्हाई. जा तू."

शब्द तोंडातून गेला. ट्रक गेला. आणि आता बघा मी काय केलं. आपल्याकडं मानाचा पाहुणा आला की त्याला आतल्या खोलीत बसवतात, गर्दी लांब ठेवतात, त्याला आधी वेगळं ताट वाढतात. मुकादम माझ्याकडं पहिल्यांदा आलेला पाहुणा. मी त्याला आतल्या खोलीत खिडकीजवळ ठेवलं. कोंबड्यांचा कलकलाट नको, मांजर नको, कुणाची दृष्ट नको. डाळिंब सोलून दिलं. रुक्मिणीच्या वाटीत पाणी दिलं.

मुकादमानं डाळिंबाकडं बघितलं नाही.

पहिल्यांदा वाटलं, जागा नवी आहे. मग तो पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसायला लागला. पाखरू असं फुगून बसलं की ते आजारी समजायचं. बोलणं बंद झालं. एके सकाळी पिंजऱ्याखाली हिरवी पिसं पडलेली दिसली. छातीवरची पिसं तो स्वतःच उपटत होता.

समोरची गयाबाई मीठ-मिरच्या घेऊन आली. तिचा मुलगा, सून तोडीला गेलेले, घरात ती एकटी, जीभ मात्र चार माणसांची. "दिष्ट लागलीय. मिरच्या जाळते."

"ह्या घरात धूर व्हायचा न्हाई, गयाबाई."

"मंग बसा बघत!"

माझ्याच वयाचा म्हादू काठी टेकत आला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून तो सगळ्यांशी ओरडून बोलतो. "चहा-पाव दे बे त्याला! माझं पोट त्याच्यावरच चालतंय!"

"म्हणून तुझं त्वांड असं झालंय," मी म्हणालो. ते त्याला बरोबर ऐकू आलं.

आणि सांजच्याला फोन यायचा. तिकडं फडात दिवस संपलेला, मागं माणसांचा गलका, आणि शेवंताचा एकच प्रश्न.

"अप्पा, मुकादम जेवला का?"

मी खोटं बोललो नाही. "न्हाई जेवला," म्हणालो. फोनमधून नुसता गलका येत राहिला. कुणीतरी हसत होतं, कुणाची तरी कानस चालू होती. माझा शब्द माझ्या आतल्या खोलीत फुगून बसला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

पिंजरा मांडीवर घेऊन मी एसटीनं गेवराईला निघालो. पिंजऱ्यावर धोतराचं पान टाकलं होतं. कंडक्टर वाकून म्हणाला, "अप्पा, आत कोण हाय?"

"मुकादम."

"मंग पूर्ण तिकीट पडंल. मुकादम लोक जागा लई घेतेत."

गाडीभर हशा झाला. मी हसलो नाही.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी चोच बघितली, जीभ बघितली, पंख हलक्या हातानं पसरून बघितला. पहिल्यांदा कायद्याचं सांगितलं. राघू रानातलं पाखरू आहे, धरून पाळता येत नाही. हा उडू शकत नाही, म्हणून वन विभागाला कळवा, तुम्ही लपवू नका. मी तसं कळवलं. पुढं त्यांचा माणूस येऊन पंख बघून गेला. सोडला तर मांजराच्या तोंडी जाईल, इथंच सांभाळा, पण नवं पिल्लू घेऊ नका, म्हणाला. मी त्याला सांगितलं, ढोलीतली पिल्लं काढून विकणारा माझ्या गल्लीत दिसला तर तुमच्या आधी मी त्याला गाठीन.

डॉक्टरांनी मग विचारलं, "हा एकटा असतो का?"

"एकटा कावून? मी हाय की घरात."

"तुम्ही कुठं जेवता?"

मला राग आला. "मी आजारी न्हाई. माझ्या जेवणाचं तुमाला काय करायचंय?"

ते शांत होते. म्हणाले, "राघू थव्यानं खाणारं पाखरू आहे, अप्पा. बाकीचे खाताना दिसले की ते खातं. एकट्यानं बसून खायचं म्हणजे त्याला भीती वाटते. ह्याच्या अंगात आजार दिसत नाही. ह्याचा थवा हरवलाय."

बोलणं पटलं. पटलं असं तोंडावर म्हणालो नाही, एवढं मात्र खरं.

सांजच्याला फोन आला तेव्हा मीच आधी विचारलं. "शेवंता, तिकडं हा खायचा कसा?"

"त्याला येगळं कोण देतंय, अप्पा? आमी सगळे जेवाया बसलो की मधी फिरायचा. ह्याच्या ताटातलं हिसकून घ्यायचा, त्याच्या ताटात जायचा. टोळीत भांडणं चालायची, ह्याचं खाणं चालायचं."

दुसऱ्या दिवशी मी पिंजरा आंगणात लिंबाखाली आणला, दार उघडं ठेवलं आणि समोर भाकरी घेऊन बसलो. तेव्हा ध्यानात आलं, की मी बसून जेवल्याला किती काळ लोटलाय. रुक्मिण गेल्यापासून मी चुलीपुढं उभ्यानं खायचो. एका हातात भाकर, दुसऱ्या हातात मिरची. चार घास टाकायचे आणि कामाला लागायचं. एका माणसासाठी ताट कावून मांडायचं, ते कुणी धुवायचं? पोरानं विचारलं तर जेवलो म्हणायचं. तेही खोटं नव्हतं.

मी खाल्लं. मुकादमानं बघितलं. खाल्लं नाही. खरंय, एक म्हातारा मुकाट्यानं चावतोय, ह्याला कोणता राघू थवा म्हणेल?

मग मला उठावं लागलं. मी कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन कधी काही मागितलेलं नाही. नेकनूरच्या सोयऱ्यांनी लग्नात मानपान चुकवला तेव्हा वाढलेल्या ताटावरून उठून चालत आलेला माणूस मी. तो मी गयाबाईच्या दारात गेलो.

"गयाबाई, तुझी भाकर घेऊन माझ्या आंगणात जेवाया ये."

"कावून? तुमची चूल इझली का?"

"मुकादमासाठी."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्याही हातात काल सकाळची भाकर होती, पाण्याचा हात लावून मऊ केलेली. तीही उभीच होती. तिनं पदर खोचला आणि बाहेर येऊन म्हादूच्या घराकडं तोंड करून हाक मारली. त्या हाकेला आणखी दोन-तीन म्हातारे बाहेर आले. गावात राहिलेली माणसंच ती, प्रत्येक जण आपापल्या कुलूप लागलेल्या शेजाराला चिकटून.

लिंबाखाली गोल बसलो. मधे मुकादमाचा पिंजरा, दार उघडं. सगळे सुतकात बसल्यासारखे गप्प. घास चावल्याचा आवाज तेवढा. मुकादम फुगलेलाच. मला वाटलं, झालं, हसं झालं आपलं.

तेवढ्यात म्हादूनं गयाबाईचा ठेचा चाखला.

"ह्याला ठेचा म्हणतेत? आमच्या म्हशीनं तोंड लावलं नसतं!"

"म्हशीला कळत असंल! तिला दात तर हायेत!"

"काय म्हणली?"

"म्हणलं, दात न्हाईत, मीठ कमी म्हणून कुणाला सांगतो!"

"माझ्या दाताचं तू काढू नको, गया! तुझ्या हातची भाकर इतकी पातळ, पलीकडचं गाव दिसतंय!"

"मंग ठिव खाली! ठिव!"

दोघांचे आवाज चढले. बाकीचे हसायला लागले, एकानं म्हादूची बाजू धरली, एकानं गयाबाईची. आणि त्या गोंधळात आवाज आला. खर्रर्र. खर्रर्र. आम्ही दाराकडं बघितलं. गावात कोयता कुठला आलाय आता? सगळे कोयते तर फडात. तो आवाज पिंजऱ्यातून येत होता. मुकादमानं मान वर केली, पिसं अंगाला चापून बसवली, पिंजऱ्याच्या दारातून बाहेर आला आणि आमच्या ताटांमधून डुलत डुलत चालत गेला. म्हादूच्या हातातल्या भाकरीचा कोर त्यानं ओढून घेतला, एका पायात धरला आणि खायला लागला.

सगळे एकदम गप्प झाले. म्हादूचं तोंड उघडंच राहिलं. मुकादमाची चोच थांबली.

"गप कावून बसले बे?" मी ओरडलो. "भांडा! भांडा!"

त्या दिवसापासून माझ्या आंगणात रोज पंगत बसायला लागली. ज्यानं त्यानं आपली भाकर आणायची, भांडण फुकट. पिठल्यावरून भांडण, पावसावरून भांडण, चकलांब्याच्या जत्रेतली कोणती कुस्ती कोणी मारली त्यावरून भांडण. मुकादम सगळ्यांच्या ताटातून फिरायचा. तिखट-मिठाच्या कालवणाला त्याची चोच लागू नये म्हणून गयाबाई आपल्या बाजूला कोरडी भाकर आणि गाजराची फोड ठेवायला लागली. शिळं आणायची तिला लाज वाटायला लागली. "राघूला शिळं कसं घालायचं?" म्हणून ती ताजी भाकर थापायची आणि स्वतःही ताजी खायची. म्हादूनं चहा-पाव सोडला. माझं उभ्यानं खाणं सुटलं. कुणाच्या डोळ्यात ते येऊ नये म्हणून आम्ही सगळे म्हणायचो, पाखरासाठी करतोय.

गावात रामराम करायची रीत बदलली. मळ्याकडं जाता-येता माणूस भेटला की विचारायचा, "मुकादम जेवला का?" त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा.

शेवंताचा फोन आला की मी तोंडानं उत्तर द्यायचं बंद केलं. फोन पंगतीच्या मधे धरायचो. तिकडून ती ऐकायची. इकडं गयाबाई आणि म्हादू, मधे मुकादमाचं "उठा बे, गाडी आली!" शेवंता तिकडं हसायची, आणि तिच्या मागं सगळी टोळी हसायची.

छातीवर नवी पिसं आली. आधी राखाडी काट्यांसारखी, मग उलगडून हिरवी. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, तशी पाडव्याच्या सुमाराला माणसं परत आली. शेवंता ट्रकमधून उतरली ती घराकडं न जाता माझ्याकडं आली. कमरेला अजून कोयता खोचलेला. मुकादम तिच्या खांद्यावर चढला आणि तिच्या कानाशी म्हणाला, "भांडा! भांडा!"

"अप्पा, हे काय शिकवलं ह्याला?"

"जेवाया शिकवलं," मी म्हणालो.

तेव्हापासून दर हंगामाला तो येतो. आतली खोली पुन्हा कुणा पाखराला दिली नाही. जे येतं ते आंगणात, सगळ्यांच्या मधे. एकटा लव्हबर्ड कुणी आणला तर मी परत पाठवतो. जोडीनं आण, नाहीतर आणू नको.

यंदा सुभाष सांगितल्याप्रमाणं दिवाळीला गाडी घेऊन आला. आल्या आल्या माझे कपडे पिशवीत भरायला लागला. तेवढ्यात शेवंता पिंजरा घेऊन दारात उभी राहिली. सुभाषच्या हुकमाची बातमी तिच्या कानावर गेली असणार. तिनं पिंजरा खाली ठेवला नाही, छातीशी धरूनच विचारलं.

"अप्पा, यंदा ठिवून घेताल ना?"

सुभाषनं माझ्याकडं बघितलं. "अप्पा, बोला तिला. किती दिवस करताल हे? तुमच्यासाठीच सांगतोय."

"माझ्यासाठी सांगतोस, म्हणून ऐकून घेतलं," मी म्हणालो. "शेवंता, ठेव तो पिंजरा लिंबाखाली. मी कुठं जात न्हाई."

"अप्पा!"

"खोकला माझा हाय, आंगण माझं हाय आन् शब्दपण माझाच हाय. तुझी गाडी मोठी हाय रे, पण गयाबाई, म्हादू, सोळा कोंबड्या आन् मुकादम तिच्यात बसत न्हाईत. ते बसले की मला हाक मार."

तो रागावून बाहेर गेला. जेवायची वेळ झाली तशी एकेक जण भाकर घेऊन आला. सुभाष एका हातात फोन, एका हातात भाकर घेऊन भिंतीला टेकून उभ्यानंच खायला लागला. मुकादम पिंजऱ्याच्या दारात येऊन थांबला. पुढं येईना.

"खाली बस," मी म्हणालो.

"राहू द्या, झालंच माझं."

"तुझं झालं, त्याचं व्हायचंय. उभ्या माणसापुढं तो खात न्हाई."

म्हादू ओरडला, "बस ना बे! कंपनीत खुर्च्या न्हाईत का?"

सुभाष बसला. मुकादम डुलत आला, आधी त्याच्या बोटाला चोच मारली, मग त्याच्या हातातली भाकर घेऊन गेला. सुभाष बोट धरून हसला. कित्येक वर्षांनी मी त्याला माझ्या आंगणात मांडी घालून बसलेला बघितला. संध्याकाळी गाडी गेली, मी गेलो नाही.

आता गाव रिकामं आहे. कानस थांबली. काल सुभाषचा फोन आला. दरवेळी तो विचारतो, गोळी घेतली का, खोकला कसा हाय. काल त्यानं ते विचारलं नाही.

"अप्पा, मुकादम जेवला का?"

"जेवला," मी म्हणालो. "तू उभा हाईस का बसलेला?"

तिकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.